रचना आणि क्रिया: वेगवेगळे तास घ्यावेत की एकत्र शिकवावे?

इंदूरमधील नर्सिंग महाविद्यालयात पहिल्या सत्राचे वेळापत्रक आखणाऱ्याला आधी हे ठरवावे लागते की शरीररचनाशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र आपापल्या क्रमाने स्वतंत्र चालू द्यावे, की शरीरातील एकेक संस्था (रक्ताभिसरण, श्वसन यांसारखी) घेऊन दोन्ही बरोबरच शिकवावे. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या अभ्यासक्रमात बी.एस्सी. नर्सिंगसाठी दोहोंना प्रत्येकी ६० तास आहेत. वेळ कमी असल्यामुळे हा निर्णय महत्त्वाचा ठरतो.

स्वतंत्र तासांत शिक्षकांची सोय होते आणि वेळापत्रक सहज बसते. पण हृदयाचे कप्पे व झडपा एका महिन्यात आणि हृदयचक्र (एका ठोक्यातील आकुंचन-प्रसरणाचा क्रम) दुसऱ्या महिन्यात शिकवले, की विद्यार्थिनी झडपांची नावे पाठ करतात आणि त्या कशासाठी आहेत हे विसरतात.

एकत्र अध्यापनाचे बळ इथेच दिसते. महाधमनीचा (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा) बुंधा राखून ठेवा असे आधी सांगून मटणाच्या दुकानातून बकऱ्याचे हृदय आणावे आणि त्या बुंध्यातून हळूहळू पाणी ओतावे; अर्धचंद्राकृती झडपेचे तीन पडदे फुगून एकमेकांना भिडतात आणि पाणी अडते. त्यानंतर लगेच स्टेथोस्कोप हाती द्यावा, म्हणजे दुसरा हृदयध्वनी (‘लब-डब’मधला ‘डब’) कोणत्या झडपा मिटल्याने उमटतो हे सांगावे लागत नाही. प्रत्येक ठोक्याला सुमारे ७० मि.ली. रक्त बाहेर पडते, म्हणून मिनिटाला ७२ ठोके धरले तर पाच लिटर होतात, हा हिशेब त्याच तासात करून घेता येतो. मूत्रपिंडाचेही तसेच आहे. नेफ्रॉनची, म्हणजे मूत्रपिंडातील रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म घटकाची, आकृती समोर असतानाच दिवसाला १८० लिटर द्रव गाळला जाऊनही लघवी दीड लिटरच का होते हे समजावले, तर वॉर्डात इनटेक-आउटपुट चार्ट (रुग्णाच्या शरीरात गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या द्रवाची नोंद) भरताना त्या आकड्यांना अर्थ येतो.

भाषेच्या दृष्टीनेही मला एकत्र पद्धत बरी वाटते. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांसाठी इथल्या मराठी घरांतील अनेक मुली शाळेत हिंदीतून ‘अलिंद’ आणि ‘निलय’ शिकतात, घरातल्या जुन्या मराठी पुस्तकांत त्यांना ‘कर्णिका’ आणि ‘जवनिका’ भेटतात आणि महाविद्यालयात ‘एट्रियम’ आणि ‘व्हेंट्रिकल’. एका इंद्रियासाठी ही तिन्ही नावे एकदाच जुळवून दिली की पुरते. स्वतंत्र तासांत तो गोंधळ दोनदा निस्तरावा लागतो.

मात्र सगळेच एकत्र करणे मला मान्य नाही. नितंबावर इंजेक्शन देताना वरचा बाहेरचा भागच का निवडतात, हे नितंबातून पायात उतरणाऱ्या सायटिक मज्जातंतूचा मार्ग कळल्याशिवाय उमगत नाही, आणि तो मार्ग त्या भागातील हाडे, स्नायू व रक्तवाहिन्या यांच्यासह प्रदेशनिहायच शिकवावा लागतो. शिवाय एकत्र अध्यापनात दोन शिक्षकांनी सत्राआधी बसून प्रत्येक तास ठरवावा लागतो. एकाच्या रजेने दुसऱ्याचा क्रमही मोडतो. दोन्ही शिक्षक सत्रभर उपलब्ध नसतील, तर स्वतंत्र तासच ठेवावेत. असतील, तर हृदय, फुप्फुसे आणि मूत्रपिंड एकत्र घ्यावे आणि हातपाय रचनाशास्त्राच्या शिक्षकाकडेच राहू द्यावेत.