निळा चमकला म्हणून बेनिटोइट?

बेनिटोइट या दुर्मीळ निळ्या रत्नाच्या नावाखाली एका ऑनलाइन विक्रेत्याने मला कृत्रिम स्पिनेल, म्हणजे माणसाने बनवलेला वेगळाच खडा विकला. त्याने दिलेले दोन्ही 'पुरावे' खरे होते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बेनिटोइट हे बेरियम आणि टायटॅनियमचं सिलिकेट. १९०७ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन बेनिटो काउंटीत ते पहिल्यांदा वेगळं खनिज म्हणून ओळखलं गेलं, तेही नीलम समजून उकरल्यावर. पैलू पाडण्याजोगा माल जवळजवळ तिथलाच आणि एक कॅरटच्या वरचा नग दुर्मीळ. त्यामुळे दोन कॅरटचा खडा 'जुन्या संग्रहातला' म्हणून आला की आमच्यासारख्या सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या दगडवेड्यांचे कान टवकारतातच.

पहिला पुरावा व्हिडिओ. शॉर्टवेव्ह (आखूड तरंगलांबीच्या) अतिनील दिव्याखाली बेनिटोइट झगझगीत निळा दिसतो. व्हिडिओतला खडाही निळसर उजळत होता. दुसरा पुरावा विशिष्ट गुरुत्वाचा, म्हणजे खडा तेवढ्याच पाण्याच्या किती पट जड याचा: पाण्यात तोलून ३.६४. बेनिटोइटचं साधारण ३.६५. झालं की!

गोम अशी, की कृत्रिम स्पिनेलचंही ३.६४च असतं. आणि कोबाल्टने रंगवलेला निळा स्पिनेल शॉर्टवेव्हखाली निळसर-पांढरा, धुरकट उजळू शकतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात तो निळाच वाटतो. विकणाऱ्याला हे माहीत नव्हतं, असं मला मुळीच वाटत नाही; नेमक्या याच दोन चाचण्या निवडायला अभ्यास लागतो.

पितळ उघडं पडलं ते साध्या लाँगवेव्ह (लांब तरंगलांबीच्या अतिनील) टॉर्चखाली: खडा लालभडक उजळला. निळा बेनिटोइट तिथे सहसा उजळतच नाही. मग दहापट भिंग. बेनिटोइटचं द्विअपवर्तन (आत शिरलेला प्रकाश दोन किरणांत फुटणं) ०.०४७ इतकं जबर, की वरून पाहताना मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. (एका विशिष्ट दिशेने दिसत नाहीत, म्हणून खडा फिरवत राहायचं.) माझ्या नगाची प्रत्येक कड कुठूनही एकेरीच. बेनिटोइट ध्रुवीकृत प्रकाशात एका दिशेला निळा, दुसरीला जवळपास रंगहीन दिसतो; तोही फरक नाही. एका रत्नपरीक्षकाने अपवर्तनांक (खड्यात प्रकाश किती वळतो याचं माप) मोजला: १.७२८, स्पिनेलचा.

विक्रेत्याचं उत्तर आलं, 'व्हिडिओ पाहूनच घेतलात ना?' त्यानंतर खातं बंद. पैसे कार्डाने भरले होते, म्हणून बँकेत तक्रार करता आली. तक्रारीसोबत परीक्षकाचा अहवाल जोडलाय.

असा खडा घेणार असाल तर आधी लाँगवेव्हखालचा आणि भिंगातून खडा फिरवतानाचा व्हिडिओ मागा. माझ्या ओळखीच्या एकाने त्याच धर्तीच्या दुसऱ्या जाहिरातीला हेच विचारलं, तर जाहिरातच गायब झाली.