चेकलिस्ट, टार्गेट की जर-तर योजना : कुठे काय निवडावे?

एखादे काम वारंवार बिघडू लागले की त्यावर हमखास तीन उपाय सुचवले जातात. चेकलिस्ट करा, टार्गेट ठरवा, नाहीतर कधी आणि कुठे करणार ते आधीच लिहून ठेवा, म्हणजे जर-तर योजना करा. काम कंपनीतले असो, रुग्णालयातले असो की स्वतःच्या व्यायामाचे, उपाय हेच तीन. प्रत्येकाच्या बाजूने चांगले संशोधन आहे, म्हणूनच निवडताना गोंधळ होतो. पण हे तीन उपाय तीन वेगळ्या दुखण्यांवरचे आहेत. माहीत असलेली पायरी गळते आहे, जोर कमी पडतो आहे, की सुरुवातच होत नाही, हे आधी ठरवावे लागते.

पायरी गळत असेल तर

चेकलिस्टचा सर्वात भक्कम पुरावा अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला आहे. तिथल्या शंभराहून अधिक आयसीयूंमध्ये सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत बसवायची नळी) घालताना पाळायच्या पाच गोष्टी ठरवून दिल्या : हात धुणे, निर्जंतुक गाऊन-मास्क आणि पूर्ण आच्छादन, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा पुसणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. यात डॉक्टरांना ठाऊक नव्हते असे काहीच नव्हते. तरीही २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रक्तातल्या संसर्गाचे सरासरी प्रमाण दर हजार कॅथेटर-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी, म्हणजे एक कॅथेटर-दिवस) ७.७ वरून दीड वर्षात १.४ वर आले.

त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी केली. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर, तर गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर आली. हे निष्कर्ष २००९ चे. पण कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात यादीचा वापर सरसकट सुरू झाला, तेव्हा १०१ रुग्णालयांच्या २०१४ मधल्या अभ्यासात मृत्यूदर ०.७१ वरून ०.६५ टक्के इतकाच सरकला. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान होता.

असे का झाले? मला यात कागदापेक्षा कागदाभोवतीची माणसे महत्त्वाची वाटतात. मिशिगनमध्ये एखादी पायरी वगळली गेली तर, तातडीची वेळ नसेल तेव्हा, नर्सने डॉक्टरांना थांबवावे असे ठरले होते आणि संसर्गाचे आकडे प्रत्येक आयसीयूला नियमित कळवले जात होते. हा अधिकार काढून घेतला की चौकोनात बरोबरची खूण करण्यापुरतीच यादी उरते.

उत्तर प्रदेशातला प्रसूतींचा अभ्यास तर याहून विचार करायला लावणारा आहे. १२० आरोग्य केंद्रे, दीड लाखांहून अधिक प्रसूती, आणि त्यांतल्या निम्म्या केंद्रांत सुरक्षित प्रसूतीची यादी व ती शिकवायला नियमित येणारे प्रशिक्षक. दोन महिन्यांनी या केंद्रांत आवश्यक कृतींपैकी सुमारे ७३ टक्के पाळल्या जात होत्या, तर इतर केंद्रांत सुमारे ४२ टक्के. वागणूक सुधारली यात शंकाच नाही. पण २०१७ मध्ये निकाल आला तेव्हा बालमृत्यू, मातामृत्यू आणि मातेची गंभीर गुंतागुंत यांचे एकत्रित प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे निघाले : १५.१ आणि १५.३ टक्के. काय करायचे ते यादी आठवून देते. कौशल्य, औषधे किंवा मोठ्या रुग्णालयापर्यंत वेळेत पोहोचण्याची सोय ती आणून देत नाही. आपल्या कामात यांपैकी काही कमी असेल, तर यादीवर घालवलेला वेळ तिकडे लावावा.

जोर कमी पडत असेल तर

टार्गेटची ताकद मोठी आहे आणि तिन्हींत धोकाही याचाच सर्वाधिक आहे. ‘जमेल तितके करा’ असे सांगण्यापेक्षा नेमके आणि थोडे अवघड लक्ष्य दिले की काम वाढते, हे एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी अनेक दशकांच्या संशोधनातून दाखवले. लाकडाचे ओंडके वाहणाऱ्या ट्रकचालकांवरचा १९७५ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. कायद्याने परवानगी असलेल्या वजनाच्या जेमतेम ६० टक्के माल भरला जात होता. ९४ टक्क्यांचे लक्ष्य दिले आणि भरणा ९० टक्क्यांच्या आसपास गेला.

याच ताकदीने वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेत काय केले तेही पाहावे. एकाच ग्राहकाला अनेक सेवा विकण्याच्या दबावाखाली कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, सुमारे ५,३०० जणांना काढल्याचे उघड झाले आणि शेवटी बँकेने ती विक्रीची टार्गेटच रद्द केली.

म्हणून टार्गेट वाईटच, असे मात्र म्हणता येत नाही. इंग्लंडमध्ये आपत्कालीन विभागातल्या रुग्णाचा निर्णय चार तासांत लावण्याचे बंधन आले. मुदत संपण्याआधीच्या शेवटच्या काही मिनिटांत रुग्ण हलवण्याची घाई आकड्यांत स्पष्ट दिसते, आणि त्यावर टीकाही भरपूर झाली. तरीही पुढे अर्थशास्त्रज्ञांनी तपासले तेव्हा या बंधनाचा ज्यांच्या उपचारांवर परिणाम झाला, अशा रुग्णांमध्ये ३० दिवसांतले मृत्यू सुमारे १४ टक्क्यांनी कमी आढळले. आकड्यासाठी केलेली धावपळसुद्धा इथे रुग्णाच्या हिताच्या दिशेनेच होत होती.

आकडा किती कडक असावा, हा प्रश्न आरोग्यात जिवावर बेतू शकतो. हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या टाइप-२ मधुमेहींवरच्या ‘अकॉर्ड’ चाचणीत एका गटाची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६ टक्क्यांखाली नेण्याचा प्रयत्न झाला. त्या गटात २५७ मृत्यू झाले, सौम्य लक्ष्याच्या गटात २०३. २००८ मध्ये ते कडक उपचार मुदतीआधीच थांबवावे लागले. उलट २०१५ च्या ‘स्प्रिंट’ चाचणीत, मधुमेह नसलेल्या पण हृदयविकाराचा धोका असलेल्या लोकांत वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली नेल्याने मृत्यू २७ टक्क्यांनी घटले, अर्थात चक्कर येणे आणि मूत्रपिंडाचे त्रास काहीसे वाढले. एकीकडे कडकपणा बाधला, दुसरीकडे तारक ठरला. आपल्या साखरेचा किंवा रक्तदाबाचा आकडा शेजाऱ्याच्या रिपोर्टवरून कधीही ठरवू नये. तो डॉक्टरांशी बोलूनच ठरवावा.

सुरुवातच होत नसेल तर

इथे जर-तर योजना कामाची. ‘मी व्यायाम करणार’ असे म्हणण्याऐवजी ‘सकाळी दात घासून झाले की बूट घालून बाहेर पडणार’ असे ठरवायचे. पीटर गोल्विट्झर आणि पास्कल शीरन या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या आणि परिणाम मध्यम ते मोठा आढळला. प्रत्यक्ष नोकरी-संसारात तो लहान दिसतो. एका अमेरिकी कंपनीत फ्लूच्या लसीसाठी तारीख आणि वेळ लिहून ठेवायला सांगितल्यावर लस घेणारे दर शंभर जणांमागे सुमारे चारने वाढले. पण खर्च किती, तर पत्रकावर एक रिकामी ओळ! खर्चाच्या मानाने हा फायदा मला उत्तम वाटतो. एकट्याने स्वतःपुरते काही सुधारायचे असेल, तर मी इथूनच सुरुवात करायला सांगेन.

टिकण्याचा प्रश्न

तिन्हींची खरी परीक्षा देखरेख थांबल्यावर होते. अमेरिकेतल्या ६१ हजारांहून अधिक जिम सदस्यांवर ५४ वेगवेगळे उपाय करून पाहिले गेले. चार आठवड्यांच्या काळात त्यांपैकी ४५ टक्के उपायांनी हजेरी वाढली, नंतरही परिणाम टिकला तो फक्त ८ टक्के उपायांचा. तारापूर-उंबरगावच्या कापड कारखान्यांत साठ्याची नोंद, यंत्रांची देखभाल, रोजचा आढावा अशा साध्या पद्धती आणल्यावर पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली होती. संशोधक अनेक वर्षांनी परत गेले तेव्हा त्यांतल्या सुमारे निम्म्या पद्धती सुटल्या होत्या. व्यवस्थापक बदलणे आणि मालकांना वेळ नसणे ही त्यामागची मोठी कारणे होती. तरीही मदत न मिळालेल्या कारखान्यांपेक्षा हे कारखाने पुढेच होते.

त्यामुळे निवड करताना उपायाबरोबर त्याचा वालीही ठरवा. चेकलिस्ट असेल तर काम थांबवण्याचा अधिकार कोणाला, हे लिहून द्या. टार्गेट असेल तर त्याच्या जोडीला बिघाड दाखवणारा दुसरा आकडा ठेवा, जसे विक्रीबरोबर तक्रारी. जर-तर योजना असेल तर तिची खूण, म्हणजे ‘जर’चा भाग, रोज नक्की घडणाऱ्या गोष्टीला बांधा, आणि एखादा दिवस चुकला म्हणून सोडून देऊ नका. सवयी कशा लागतात यावरच्या लंडनमधल्या २०१० च्या अभ्यासात त्यासाठी १८ ते २५४ दिवस लागलेले दिसले, आणि एखाद्या दिवसाच्या खंडाने फारसा फरक पडला नव्हता.