थंडीच्या लाटेआधीचा कृषी हवामान सल्ला : एका आंबा बागायतदाराचा अभिप्राय

कोकणात थंडीच्या लाटेचा इशारा आला की घाटावरचे नातेवाईक हसतात, कारण त्यांच्या लेखी बारा अंश म्हणजे डिसेंबरातली साधी सकाळ असते. भारतीय हवामान विभागाने मात्र किनाऱ्याला वेगळे माप लावले आहे. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली उतरले आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असले, तर थंडीची लाट मानतात. किनारपट्टीच्या ठिकाणी सरासरीतली तेवढीच घट धरतात, पण किमान तापमान १५ अंशांपर्यंत उतरले तरी ते पुरेसे असते. हे माप माणसांसाठी ठरवलेले असले तरी आंब्याच्या मोहोरालाही ते बऱ्यापैकी लागू पडते, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. गेल्या हिवाळ्यात अशाच एका थंडीच्या आठवड्याची तयारी मी जवळजवळ संपूर्णपणे ग्रामीण कृषी मौसम सेवेच्या सल्ल्यावर केली. त्या सेवेचा बागायतदाराला नेमका किती उपयोग होतो, हे येथे नोंदवत आहे.

आमची बाग दापोली तालुक्यात आहे. काही कलमे माथ्यावरच्या कातळाला लागून आहेत आणि बाकीची खाली वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाने. सेवेचे स्वरूप ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर हवामान विभागाचा पुढील पाच दिवसांचा जिल्हानिहाय अंदाज आणि त्यावर कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांनी लिहिलेला पीकनिहाय सल्ला असे पत्रक दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. आमच्या भागासाठी हे काम दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात होते. हेच पत्रक २०१९ साली आलेल्या ‘मेघदूत’ या ॲपवर मराठीत वाचता येते. या कशालाही पैसे पडत नाहीत.

त्या आठवड्यातल्या शुक्रवारच्या पत्रकात आकाश निरभ्र राहील, वारे उत्तरेकडून वाहतील आणि किमान तापमानात घट होईल, असे होते. वर्तमानपत्रातही एवढे येतेच. पत्रकाचे मोल त्याच्या पुढच्या परिच्छेदात होते. मोहोर आलेल्या हापूस कलमांवर थंडी वाढल्यास पुनर्मोहोर येण्याची शक्यता असते, म्हणून जिबरेलिक ॲसिड हे संजीवक ५० पीपीएम, म्हणजे २० लिटर पाण्यात १ ग्रॅम, या प्रमाणात फवारावे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. पुनर्मोहोर हे आमच्याकडचे जुने दुखणे आहे. हापूसला मोहोर यायला थंडी हवीच असते. पालवी जून झाली आणि रात्री गार पडू लागल्या की काडीतून मोहोर बाहेर पडतो, तोवर सगळे आनंदात असतात. पण तीच थंडी लांबली आणि कडक झाली, तर फळ धरलेल्या फांदीवरच नवा मोहोर फुटतो, झाडाची सगळी ताकद त्याच्याकडे वळते आणि आधी धरलेली मोहरीएवढी, वाटाण्याएवढी फळे गळून पडतात. शिवाय थंडीत फुटलेल्या मोहोरात नरफुलांचे प्रमाण वाढते आणि परागीभवन करणाऱ्या माश्या सकाळी उशिरापर्यंत हलत नाहीत. त्यामुळे दुसरा मोहोर कितीही भरघोस दिसला तरी तो पहिल्याची भरपाई करीलच असे नसते. झाड पांढरे झाले म्हणून बाहेरचा माणूस कौतुक करतो तेव्हा बागायतदाराच्या पोटात गोळा येतो, तो यामुळेच.

हा सल्ला वेळेवर मिळण्याला किती किंमत आहे, हे मला काही वर्षांपूर्वी कळले होते. तेव्हा मी असे काही वाचत नसे. थंडी पडल्यावर तालुक्यातल्या एका कृषी सेवा केंद्रात गेलो, तेथे मला ‘थंडीचे औषध’ म्हणून एक महागडे टॉनिक देण्यात आले आणि ते मी भाबडेपणाने मारलेही. बाटलीवर घटकांची नावे इतक्या बारीक अक्षरांत होती की ती वाचेपर्यंत गळ सुरू झाली होती. सल्ल्याच्या पत्रकात कोणत्याही कंपनीचे नाव नसते. असतो तो घटक, त्याचे प्रमाण आणि पिकाची अवस्था. एवढ्या एका गोष्टीमुळे दुकानात काय मागायचे हे आपल्याला आधीच ठाऊक असते आणि दुकानदारही फारसे वळण देत नाही. दोनशे लिटरच्या पिंपाला १० ग्रॅम, हा हिशोब मी चिठ्ठीवर लिहूनच नेला होता. एक गोष्ट मात्र मला विचारून घ्यावी लागली. ही पूड पाण्यात सहज विरघळत नाही. ती आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात मिसळायची असते. नवख्या माणसासाठी पत्रकात हे एक वाक्य असायला हवे.

आमच्या बागेत फळे मोहरीएवढी झालेल्या कलमांवर शनिवारी आणि रविवारी फवारणी उरकली. मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक मारू नये, ही सूचना पत्रकांतून वारंवार येते. तुडतुडे दिसले की पंपाकडे धावणाऱ्या आमच्या गड्याला थोपवण्यासाठी ती मला छापील स्वरूपात उपयोगी पडली. माझ्या शब्दापेक्षा विद्यापीठाच्या कागदाला तो अधिक मान देतो, याचे मला आता वाईट वाटत नाही.

पत्रकाचा दुसरा भाग नव्याने लावलेल्या कलमांविषयी आणि गुरांविषयी असतो. आळ्यात गवताचे किंवा पातेऱ्याचे, म्हणजे गळून पडलेल्या पानांचे, आच्छादन करावे, संध्याकाळी हलके पाणी द्यावे, लहान रोपांना झापांचा आडोसा करावा, गोठ्याला रात्री पडदे लावावेत आणि कोंबड्यांच्या खुराड्यात दिवा ठेवावा, असे त्यात असते. यात नवे काही नाही, आमच्या आजीच्या काळातही हे होत असे. पण ओली माती दिवसाची ऊब रात्रभर धरून ठेवते, हे कारण कळले की संध्याकाळचे पाणी कंटाळा न करता दिले जाते. पत्रक हे कारण देत नाही, केवळ ‘द्यावे’ म्हणते. त्याची भाषा एकूणच सरकारी आहे. ‘अंशतः ढगाळ’ म्हणजे नेमके किती ढग आणि ‘हलके पाणी’ म्हणजे किती लिटर, हे वाचणाऱ्याने आपल्या मनाने ठरवायचे असते. त्याउलट आंब्याची फळे वाटाण्याएवढी झाल्यावर झाडाला १५० ते २०० लिटर पाणी १५ दिवसांच्या अंतराने द्यावे, ही शिफारस आकड्यांत असल्यामुळे ती पाळणे सोपे जाते. थंडीच्या उपायांनाही असे आकडे असावेत.

बागेत रात्री धूर करण्याच्या सल्ल्याविषयी मात्र माझे थोडे वेगळे मत आहे. खोलगट भागात थंड हवा साचते आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर असतो, तेव्हा ओल्या पातेऱ्याचा धूर खालीच तरंगत राहतो आणि त्याने थोडा फरक पडतो, हे मी पाहिले आहे. पण जानेवारीत आमच्या कातळावरचे गवत वाळून कोळ झालेले असते. एक ठिणगी उडाली तर थंडीने जेवढे नुकसान झाले नसते त्याच्या दहापट वणव्याने होते. हा सल्ला देताना बागेभोवती आधी गवत काढून जाळरेषा आखावी, धुराजवळ रात्रभर माणूस ठेवावा आणि पाण्याचे पिंप भरलेले असावे, असे ठळक अक्षरांत छापले पाहिजे. मी स्वतः माथ्यावर धूर केला नाही. खाली वहाळाकाठी दोन ठिकाणी केला आणि गड्याबरोबर पहाटेपर्यंत तेथेच बसून राहिलो. घोंगडीतून नाक बाहेर काढवत नव्हते, पण चहा दोनदा झाला.

आता या सेवेच्या मर्यादेकडे येतो. अंदाज जिल्ह्यासाठी असतो आणि आपली बाग जिल्हा नसते. दापोली तालुक्याचेच उदाहरण पुरेसे आहे. हर्णैला समुद्र रात्री ऊब देत असतो, त्यामुळे तेथील पहाट सौम्य असते. तेथून काही किलोमीटर आत, उंचावरच्या दापोलीत स्वेटर चढतो. लोक दापोलीला मिनी महाबळेश्वर म्हणतात ते याच कारणाने. त्याच दापोलीत पुन्हा माथा आणि खलाटी, म्हणजे खालची सखल जमीन, यांत फरक पडतो. निरभ्र आकाश, कोरडी हवा आणि पडलेला वारा असे तिन्ही जुळले की जमीन रात्री वेगाने थंड होते आणि तिला लागून असलेली जड गार हवा उतारावरून खाली वाहत येऊन वहाळाकाठी साचते. आमच्याकडे पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याला मतलई म्हणतात. मतलई चालू असेल तर ती हवा थोडी ढवळली जाते, पण ती ज्या रात्री पडते त्या रात्री खालच्या कलमांचे खरे नसते. हे जाणणारी जुनी माणसे झोपण्यापूर्वी अंगणात येऊन माडाच्या झावळ्या हलतात का, ते पाहत असत.

म्हणून मी दोन कमाल-किमान तापमापक आणले. दोन्ही जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, सावलीत, हवा खेळेल असे टांगले, एक माथ्यावर आणि एक खाली. त्या आठवड्यातल्या सर्वांत थंड पहाटे माथ्यावर १३ आणि खाली साडेनऊ अंश नोंदले गेले. एकाच बागेत साडेतीन अंशांचा फरक होता. पत्रकातला आकडा या दोहोंच्या वरचा होता, पण त्याला मी चूक म्हणणार नाही. किनारा, खलाटी आणि सह्याद्रीचा पायथा या सर्वांना मिळून एकच आकडा द्यायचा म्हटल्यावर तो कोणाच्याच अंगणाचा नसतो. तापमानातली घट किती, ती कोणत्या दिवशी सुरू होणार आणि किती दिवस टिकणार, हे त्याने बरोबर सांगितले होते. माझ्या दृष्टीने आकड्यापेक्षा या तीन गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत, कारण फवारणीचा दिवस त्यांवरून ठरतो.

तुलनेसाठी मी मोबाइलवरचे एक खासगी हवामान ॲपही त्याच दिवसांत पाहत होतो. त्यात गावाचे नाव घातले की तासातासाचे तापमान दिसते. हे सर्व इतके आत्मविश्वासाने दिसते की शंका घ्यायला मन होत नाही. ज्या पहाटे माझ्या खालच्या तापमापकाने साडेनऊ दाखवले, त्या पहाटेसाठी या ॲपवर १८ अंश होते. गावाच्या नावाने आकडा दिला म्हणजे तो गावात मोजलेला असतो, असा समज करून घेऊ नये. त्या ॲपमध्ये रेघा सुंदर आहेत, परंतु पुढे काय करायचे याविषयी एक शब्द नाही.

वापरण्याच्या सोयीविषयी थोडे. आमच्या वाडीत रेंज फक्त विहिरीजवळच्या फणसाखाली येते, त्यामुळे मी पत्रक तेथे उतरवून घेतो आणि घरी सावकाश वाचतो. ॲपवरील मराठी समजण्याजोगी आहे. पूर्ण पत्रक मात्र लांबलचक असते. त्यात भात, वाल, कलिंगड, काजू, नारळ, भाजीपाला आणि गुरे असे सगळे एकामागून एक येते आणि आपले पीक शोधत जावे लागते. थंडीसारख्या तातडीच्या वेळी पहिल्या चार ओळींतच धोका आणि त्यावरचे काम आले, तर वयस्क बागायतदारांची मोठी सोय होईल. हवामान विभागाचे हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल हे इशारे लोकांना पावसाळ्यामुळे पाठ झाले आहेत. पण हिवाळ्यातही पिवळा रंग येऊ शकतो, हे अजून कोणाच्या गावी नाही. आमच्या वाडीत तो पाहून एकाने मासेमारी बंद आहे का, असे विचारले.

निकालाविषयी सांगायचे तर, फवारलेल्या कलमांपैकी माथ्यावरच्या झाडांवर पुनर्मोहोर अगदी तुरळक दिसला. खालच्या झाडांवर तो आलाच, पण त्याआधीच्या तशाच थंडीत आला होता त्याहून कमी. चार झाडे मुद्दाम न फवारता ठेवली होती, त्यांवरची पहिली फळे जवळजवळ सगळी गेली. चार झाडांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला मान्य आहे. तरी या सेवेला मी पाचपैकी चार गुण देतो. एक गुण कापला तो पत्रकाच्या लांबीसाठी आणि धुराच्या सल्ल्यातल्या त्या गाळलेल्या वाक्यासाठी. जिल्ह्याला एकच आकडा मिळतो, त्यासाठी गुण कापलेला नाही. ते काम भिंतीवरचा तापमापक करतो.

यंदा नोव्हेंबरातच दोन्ही तापमापक पुसून जागेवर टांगले आहेत, आणि खालच्या वहाळाकाठी तिसराही लावला आहे. जिबरेलिक ॲसिड मात्र आधीपासून आणून ठेवलेले नाही. किती झाडांवर पुरेसा मोहोर येतो ते पाहून, मंगळवारचे पत्रक वाचून मगच आणणार आहे.