आठ महिने कॉर्डेलिया ग्रेच्या सोबतीने

ब्रिटिश रहस्यकथा-लेखिका पी. डी. जेम्स यांची ‘अ‍ॅन अनसूटेबल जॉब फॉर अ वुमन’ ही कादंबरी मी गेल्या जूनमध्ये प्रथम वाचली. त्यानंतरच्या आठ महिन्यांत ती आणखी दोनदा पूर्ण झाली, एकदा पुन्हा वाचून आणि एकदा श्राव्य पुस्तकाच्या रूपात ऐकून. रहस्य एकदा कळले की रहस्यकथा कपाटात जाते, असाच माझा आजवरचा अनुभव होता. या पुस्तकाने तो खोटा ठरवला, आणि तो कसा ठरवला हे सांगण्यासाठी मी हे सविस्तर लिहीत आहे. अखेरचे रहस्य मात्र मी कोठेही फोडलेले नाही.

१९७२ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीची नायिका कॉर्डेलिया ग्रे अवघ्या बावीस वर्षांची आहे. लंडनमधील किंग्ली स्ट्रीटवर बर्नी प्राइड नावाच्या माजी पोलिसाची एक डबघाईला आलेली खाजगी गुप्तहेर संस्था आहे आणि ती तेथे त्याची भागीदार आहे. एका सकाळी ती कार्यालयात येते, तेव्हा असाध्य आजाराने खचलेल्या बर्नीने आत्महत्या केलेली असते आणि आपली संस्था, विनापरवाना पिस्तुलासकट, तिच्या नावे ठेवलेली असते. लवकरच सर रोनाल्ड कॅलेंडर या नामांकित शास्त्रज्ञाचे काम तिच्याकडे येते. त्याचा मुलगा मार्क केंब्रिजचे शिक्षण अर्धवट सोडून एका कुटुंबाकडे माळीकाम करू लागला होता आणि तेथील झोपडीवजा घरात तो गळफास घेतलेल्या अवस्थेत सापडला. ती आत्महत्या होती असे सर्वांनी मान्य केले आहे. बापाला फक्त ‘का’ एवढेच हवे आहे, आणि त्यासाठी कॉर्डेलियाला मिळणार आहेत दिवसाला पाच पौंड व वरखर्च.

पुस्तकाचा प्राण मला त्या छोट्या घरात सापडला. कॉर्डेलिया तेथे जाते आणि चक्क तेथेच राहू लागते. बागेत खणायची एक ओळ अपुरी राहिलेली आहे आणि दाताळे मातीत तसेच रोवलेले आहे. आत शिजवून ठेवलेला स्ट्यू कोणी खाल्लेलाच नाही. हातातले काम नीट पुरे करण्याची सवय असलेला, नीटनेटका तरुण ओळ अर्धी टाकून आणि जेवण तसेच ठेवून मरायला का जाईल, हा प्रश्न तिला इतर कशाहूनही आधी पडतो. पहिल्या वाचनात मी हे वर्णन वातावरणनिर्मिती समजून भरभर ओलांडले होते. दुसऱ्या वेळी, शेवट माहीत असताना, ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण सगळे काही तेथेच, उघड्यावर मांडून ठेवलेले होते. पुढे ती मार्कचा विणलेला स्वेटर अंगात घालते, तो ज्या कातडी पट्ट्याने लटकलेला सापडला तो पट्टा स्वतःच्या कमरेला बांधते, आणि ज्याला ती कधी भेटली नाही त्या मुलाविषयी तिला जे वाटू लागते त्याला लेखिका कोठेही ढोबळ नाव देत नाही. मृत माणसाच्या वस्तूंवरून त्याला ओळखत जाणे आणि त्याच्या बाजूने उभे राहणे, हा तपासाचा इतका हळवा आणि तरीही इतका काटेकोर प्रकार मी दुसऱ्या कोणत्याही रहस्यकथेत पाहिलेला नाही.

तिच्या हाती अधिकार काहीच नाही, हेही तिसऱ्या वेळी अधिक जाणवले. ब्रिटनमध्ये खाजगी गुप्तहेराला परवाना लागत नाही, पण म्हणूनच त्याला कोणाला थांबवण्याचा किंवा बोलायला भाग पाडण्याचाही हक्क नाही. मास्केल हा केंब्रिजचा पोलीस सार्जंट हुशार आहे, गळफासाची गाठ त्याच्या मनाला खटकलेली आहे, तरीही पुराव्याअभावी तो पुढे जाऊ शकत नाही. कॉर्डेलियाला लोकांनी स्वतःहून काही सांगावे लागते, म्हणून ती धीराने ऐकते, बर्नीने शिकवलेले नियम मनात घोळवते, गरज पडली तर खोटेही बोलते. जेम्स यांनी रुग्णालय प्रशासनात आणि १९६८ पासून ब्रिटिश गृहखात्यात नोकरी केली होती. पोलीस, चौकशी आणि मृत्यूची कागदपत्रे यांविषयीचा त्यांचा आत्मविश्वास त्या अनुभवातून आला असावा, असे पानोपानी वाटते.

विहिरीचे प्रकरण मी प्रवासात ऐकले आणि घरी पोहोचल्यावरही जागेवरून उठू शकले नाही. कॉर्डेलियाला कोणीतरी रात्री विहिरीत फेकून वर झाकण लावते. पाठ एका भिंतीला आणि पाय समोरच्या भिंतीला लावून, इंचाइंचाने, ती वर सरकत राहते. कमरेचा तोच पट्टा तिच्या जिवाचा आधार होतो. येथे लेखिका वेग वाढवत नाही, उलट प्रत्येक स्नायूचा थकवा मोजत जाते, आणि त्यामुळेच श्वास कोंडतो. छापील पानावर हे प्रकरण मी घाईने वाचून टाकले होते. ऐकताना घाई करता येत नाही, म्हणून ज्यांना शक्य असेल त्यांनी किमान एवढा भाग तरी ऐकावा.

तक्रारीही आहेत. मार्कच्या केंब्रिजमधील मित्रमैत्रिणींची संभाषणे मधल्या भागात फार चतुर आणि फार लांब होतात. तिन्ही वेळा माझे लक्ष तेथेच ढळले. उच्चभ्रू घरे, फर्निचर आणि चित्रे यांवरून माणसाची पारख करण्याची लेखिकेची सवय कधीकधी खालच्या वर्गातील पात्रांवर अन्याय करते. माझी पहिली प्रत रद्दीतल्या पुस्तकांच्या ढिगातून घेतलेली जुनी आवृत्ती होती, तिचा टाइप इतका बारीक होता की दुसऱ्या वाचनासाठी मला नवी प्रत घ्यावी लागली. शिवाय जेम्स यांचे इंग्रजी सोपे नाही: झाडांची, इमारतींच्या भागांची, चर्चच्या विधींची नावे वारंवार येतात, आणि पहिले पन्नास पृष्ठांचे अंतर मला शब्दकोश शेजारी ठेवूनच कापावे लागले.

हे काम बाईला शोभणारे नाही, असे कॉर्डेलियाला कादंबरीभर वेगवेगळी माणसे सांगत राहतात, त्यांतली काही तर अगदी मायेने. ती वाद घालत नाही. कॉन्व्हेंटमध्ये काढलेली सहा वर्षे, केंब्रिजला शिकण्याचे स्वप्न आणि सोळाव्या वर्षी बापाने शाळेतून काढून आपल्या भटक्या राजकीय कामाला जुंपणे, हे सगळे आपण तिच्याबरोबर त्याच केंब्रिजमध्ये पाऊल टाकतो तेव्हा कळते. ज्या गावात ती विद्यार्थिनी म्हणून यायची होती, तेथे ती एका मेलेल्या विद्यार्थ्याच्या शोधात आली आहे. किंग्ज कॉलेजचे चॅपेल आणि नदीकाठची हिरवळ पाहून तिला होणारा आनंद मला म्हणूनच इतका लागला.

जेम्स यांनी कॉर्डेलियावर यानंतर एकच कादंबरी लिहिली, तीही १९८२ साली, दहा वर्षांनी. ती माझ्याकडे आणून ठेवलेली आहे, पण अजून उघडलेली नाही. तिसरी नाही, हे माहीत असल्यामुळे ती संपवायला मन घेत नाही.