कापडी डायपर: १४ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आमचा धाकटा आता सोळा महिन्यांचा आहे आणि दोन महिन्यांचा असल्यापासून कापडी डायपरमध्ये आहे, म्हणजे वापराला १४ महिने पूर्ण झाले. बरेच जण विचारतात, अजून चालू आहे की सोडलं? चालू आहे. घरात धुण्याचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे जे लिहितोय ते स्वतःच्या हाताने केलेलं आहे. थोडं लांब होईल, पण घ्यायच्या आधी मला कुणी असं सविस्तर सांगितलं असतं ना तर पहिले चार महिने एवढे जड गेले नसते, म्हणून लिहितोच.

आधी काय घेतलं ते सांगतो. एकूण २०. त्यातले १४ पॉकेटवाले, म्हणजे बाहेरून वॉटरप्रूफ कापड, आतून मऊ कापड आणि मधल्या खिशात इन्सर्ट, म्हणजे ओल शोषणारी जाड पट्टी, सरकवायची. या १४ पैकी ९ वापरलेले मिळाले, ओळखीतल्या एका घरात बाळ मोठं झालं होतं आणि कपाटात नुसते पडून होते. उरलेले ६ म्हणजे साधी चौकोनी सुती कापडं, घडी घालून बांधायची, आणि त्यावर घालायला ३ कव्हर. २० का, तर एक दिवसाआड धुवायचं ठरवलं होतं आणि तान्ह्या बाळाला दिवसाला आठ-दहा लागतात. विकणारे ३०-३५ चा सेट घ्या म्हणतात, नाहीतर पुरणार नाहीत असं सांगतात. आम्हाला पुरले. उलट जास्त असले की धुणं पुढे ढकललं जातं, आणि चार दिवस साठलेल्या डायपरचे डाग आणि वास दोन्ही जाता जात नाहीत. आता तर दिवसाला सहाच लागतात त्यामुळे काही उरतातच.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, पॉकेटवाले कापडी म्हणून विकले जातात पण ते प्लास्टिकमुक्त नाहीत. बाहेरचं पीयूएल म्हणजे पॉलिएस्टरवर चिकटवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर. कव्हरची कल्पना तशी जुनी आहे, १९४६ मध्ये अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन नावाच्या एका आईने घरातला शॉवरचा पडदा कापून वॉटरप्रूफ कव्हर शिवलं आणि १९५१ मध्ये तिला पेटंट मिळालं. घरात होतं त्यातून शिवलं हे मला फार आवडतं.

आता गळती. पहिले दोन महिने दिवसातून दोनदा तरी बाळाचे कपडे, आपले कपडे, चादर सगळं ओलं. मला वाटलं डायपरच खराब आहेत. चूक इन्सर्टमध्ये आणि बसवण्यात होती. मायक्रोफायबरचं, म्हणजे बारीक कृत्रिम धाग्याचं इन्सर्ट पटकन शोषतं पण दाब पडला की स्पंजसारखं सोडतं, म्हणजे बाळ कुशीत घेतलं, कारसीटचा पट्टा लावला की बाजूने ओल. हेंपचं, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचं, हळू शोषतं पण धरून ठेवतं. म्हणून मायक्रोफायबर वर आणि हेंप खाली, दोन्ही खिशातच, कारण मायक्रोफायबर थेट त्वचेला लावायचं नसतं, त्वचा कोरडी पडते. शिवाय सुती आणि हेंपची नवीन इन्सर्ट पाच-सहा वेळा धुतल्याशिवाय नीट शोषत नाहीत, धाग्यातलं नैसर्गिक तेल निघावं लागतं. मी दोनदा धुऊन वापरायला काढली आणि पाणी वरून ओघळून गेलं. आणि बसवताना पायाचं इलॅस्टिक मांडीवर नको, जांघेच्या घडीत पाहिजे, कडेने आतलं कापड जरासुद्धा डोकावलं तरी ओल त्यातून बाहेर येते. मी आता लावून झालं की दोन्ही बाजूंनी बोट फिरवून बघतो, दहा सेकंदांचं काम आहे, पण गळती जवळजवळ थांबली ती यानेच.

सगळ्यात वाईट काळ चौथ्या महिन्यात आला. सकाळी रात्रीचा डायपर उघडला की डोळ्यांना झोंबेल असा अमोनियाचा वास. मग त्याच्या अंगावर लाली, मग बारीक पुरळ, पुसायला गेलं की कळवळून रडायचा. बायको म्हणाली, "मला हे बघवत नाहीये, आधी हे बंद करू आणि नक्की काय चुकतंय ते शोधू." आठ दिवस डिस्पोजेबल वापरले, डॉक्टरांना दाखवलं, मलम लावलं, पुरळ गेलं. माझ्या मनाला मात्र ते फार लागलं, कारण चूक माझीच होती. पर्यावरणासाठी म्हणून मी डिटर्जंट पाव भाग टाकत होतो, थंड पाणी, सगळ्यात छोटी सायकल, आणि पाणी वाचवायला ड्रम ठासून भरायचो. कापड दिसायला स्वच्छ निघायचं पण धाग्यात लघवीचा अंश आणि जंतू राहायचे, आणि लघवीतल्या युरियाचा हे जंतू अमोनिया करतात. वास तिथून येत होता. डिटर्जंट वाचवायच्या नादात बाळाच्या अंगावर पुरळ आणलं, हे मी विसरणार नाही.

तेव्हापासूनची पद्धत अशी. ओला डायपर वेगळा करून इन्सर्ट काढून हवा लागेल अशा बास्केटमध्ये. झाकण लावलेल्या बादलीत भिजवत ठेवायचं नाही, पाणी कुजतं आणि इलॅस्टिक जातं. नुसतं आईचं दूध पिणाऱ्या बाळाची शी पाण्यात विरघळते, पण वरचं खाणं सुरू झालं की आधी टॉयलेटमध्ये टाकून घ्यायची. मग एक छोटी धुलाई थोड्या डिटर्जंटमध्ये, ते घाण पाणी जाऊ द्यायचं, मग मोठी धुलाई पूर्ण डिटर्जंट घालून ६० अंशावर. ड्रम साधारण पाऊण भरलेला, कपड्यांना एकमेकांवर घासायला जागा पाहिजे. सॉफ्टनर अजिबात नाही, त्याचा थर बसला की कापड पाणी पीत नाही. झिंकवालं मलम लावायचं असेल तर मध्ये जुन्या कापडाची पट्टी, नाहीतर तेच होतं. या पद्धतीला दहा महिने झाले, तो वास परत आला नाही आणि तसं पुरळही नाही.

पर्यावरणाचा हिशोब काय म्हणतो हेही सांगायला हवं, कारण कापडी म्हणजे आपोआप चांगलं असं मीही धरून चाललो होतो. ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने २००८ मध्ये अडीच वर्षांच्या वापराचा हिशोब मांडला, त्यात डिस्पोजेबलचे सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइड आणि कापडीचे सरासरी वापरात सुमारे ५७०. म्हणजे जवळजवळ सारखेच! पण मशीन पूर्ण लोडवर चालवलं, कपडे दोरीवर वाळवले आणि तेच डायपर दुसऱ्या बाळाला वापरले तर हा आकडा सुमारे २०० किलोने खाली येतो. ड्रायर आणि उकळत्या पाण्याने मात्र तो डिस्पोजेबलच्या वर जातो. २०२३ मध्ये तिथल्याच सरकारी खात्यासाठी नवीन हिशोब झाला, त्यात कापडी सुमारे २५ टक्के कमी निघाले. दोन्हीत कापडीचा मोठा भार धुण्यातच आहे. म्हणूनच आमच्याकडे ड्रायर बंद. आणि कचरा वेगळाच, दिवसाला सहा धरले तर वर्षाला २१९० डायपर, तेवढे प्लास्टिक, लगदा आणि शोषणारे जेलचे दाणे टोपलीत जातात.

वाळवणं हा खरा प्रश्न आहे. पाऊस लागून राहिला की हेंपचं इन्सर्ट दोन दिवस वाळत नाही. तेव्हा ती सहा साधी चौकोनी कापडं कामी आली. मी ती जवळजवळ वापरतच नव्हतो, बांधायला जमायची नाहीत. आई राहायला आली होती, तिने एक हातात घेतलं, मांडीवर पसरलं, तिरकी घडी, मग मधला भाग दुमडून जाड, आणि पुढचं टोक आत खोचलं. म्हणाली, "अरे, पातळ कापड आहे, उलगडलं की वाळतं, तुझ्या त्या जाड गाद्या कशा वाळतील?" खरंच होतं. उलगडल्यावर एकच पदर, मोठी धुलाई झाली की चार-पाच तासांत खोलीतसुद्धा वाळतं, साबण आत अडकत नाही, इलॅस्टिकच नाही तर जाणार काय. चौदा महिन्यांनंतर आज सगळ्यात चांगल्या अवस्थेत आहेत ती हीच, आणि दुसऱ्या कामाला येणारीही हीच.

पॉकेटवाल्यांपैकी चारांचं पायाचं इलॅस्टिक सैल झालंय, वापरलेल्या नऊमधलेच आहेत. एकाचा पीयूएल सुटून फुगे आले, तो मी थंडीत हीटरजवळ वाळत घातला होता. बाकी बटणं ठणठणीत. डागांना ऊन सगळ्यात भारी, ओलं असतानाच आतली बाजू उन्हाकडे, पण पीयूएलची बाजू दिवसभर उन्हात नको.

न लागलेल्या वस्तू बऱ्याच आहेत. खास डिटर्जंट, वाइप्स गरम ठेवायचं मशीन, झाकणाची सुंदर बादली, टॉयलेटला जोडायचा स्प्रे. यातला स्प्रे तेवढा घेतला, तोही देऊन टाकला, बाकी काही घेतलं नाही. जुने टीशर्ट कापून पुसायची कापडं आणि पट्ट्या केल्या, बाहेर जाताना दोन वॉटरप्रूफ पिशव्या, बस. मोठी मुलगी सहा वर्षांची आहे, वाळलेल्या ढिगाजवळ बसून खिशात इन्सर्ट भरते, एकात जरी घडी पडली तरी काढून परत भरते. मी करतो त्यापेक्षा नीट.

सगळीकडे मात्र जमलं नाही. आठवड्यातले तीन दिवस तो पाळणाघरात असतो, तिथे कापडी ठेवायला नाही म्हणाले, आम्ही एकदा दाखवून समजावून बघितलं, नाहीच. बायकोला वाईट वाटलं, मलाही, पण चार मुलं सांभाळणाऱ्या बाईवर ते लादणं योग्य नव्हतं. त्यामुळे तिथे डिस्पोजेबल, लांबच्या प्रवासातही. आठवड्याचा हिशोब केला तर पाऊण भागापेक्षा जास्त कापडी होतात. रात्रीसाठी दोन हेंप आणि एक मायक्रोफायबर, दहा तास निघतात, गालिच्यासारखा जाड दिसतो पण झोपमोड होत नाही.

आज परत घ्यायचे असते तर १२ साधी चौकोनी कापडं, ४ कव्हर आणि बाहेरसाठी व रात्रीसाठी ५-६ पॉकेटवाले, तेही वापरलेले, एवढंच घेतलं असतं. घेताना इलॅस्टिक ओढून बघा आणि पीयूएल उजेडासमोर धरून भोकं दिसतात का बघा. सैल इलॅस्टिक बदलता येतं, हाताने शिवून सुद्धा. त्या चारपैकी दोन मी मागच्या आठवड्यात केले, उरलेले दोन या रविवारी करायचेत, कारण ते जिथून आले त्या घरातल्या मावशीच्या सुनेला पुढच्या महिन्यात बाळ होतंय आणि तिने आतापासूनच विचारून ठेवलंय.