कॅसेटचा आवाज वाढवायला नॉर्मलाइज की कंप्रेसर?
कीर्तनाच्या जुन्या कॅसेटी कंप्युटरवर घेतल्यात पण आवाज बारीक येतोय, ऑडॅसिटी या आवाज सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये नेमकं काय वापरू, असं मामेभाऊ विचारतोय.

मेहनत बघितली तर नॉर्मलाइज सोपं, सगळ्यात मोठा आवाज उणे १ डीबीवर, म्हणजे आवाज फाटायच्या मर्यादेच्या जरा खाली, नेतं नि बाकीचं त्याच प्रमाणात वर, चढउतार तसेच राहतात. पण मधेच खट्ट झालं असेल तर तेच टोकाला पोचतं आणि बोलणं बारीकच राहतं, तेवढा भाग आधी हाताने कमी करा. कंप्रेसर मोठा आवाज दाबतो, मग सगळं उचलता येतं, पुटपुटलेलंही ऐकू येतं, मात्र थ्रेशोल्ड (किती मोठ्या आवाजापासून दाबायचं), रेशो (किती दाबायचं) जुळवत बसावं लागतं आणि शांत जागी टेपची खरखर जास्तच वर येते.

गाणं, पेटी, तबला असेल तर नॉर्मलाइजच, गाण्यातली जान चढउतारातच असते! नुसतं निरूपण, तेही गाडीत ऐकायचं, तर कंप्रेसर. मूळ वेव्ह फाइल मात्र वेगळी ठेवा.