लेकीच्या एका प्रश्नासाठी घेतलेलं पुस्तक

आमच्या गल्लीत एक मुलगा आहे, त्याला दिसत नाही, आणि माझी पाच वर्षांची लेक त्याच्यासमोरच मोठ्यानं विचारायची की हा असा का चालतो, आणि मी तिला गप्प बस म्हणायचे, जे चुकीचंच होतं. म्हणून झाई व्हिटेकर यांचं 'कन्ना पन्ना' हे पोरांचं गोष्टीचं पुस्तक मागवलं. इंग्रजी प्रत घेतली, रोज रात्री आपल्या कोल्हापुरी मराठीत सांगते.

कन्नाला दिसत नाही. फिरायला गेल्यावर गुहेत लाइट जाते, सगळे घाबरतात, आणि वाट कन्ना दाखवतो, कारण अंधार त्याच्या रोजच्या ओळखीचा. हे मला लई आवडलं, बिचारा बिचारा असलं काही नाही, त्याला जे जमतं तेच गोष्ट पुढं नेतं. चित्रं पण छान आहेत, पोरगी एकेक पान धरून बसते.

मागच्या रविवारी पन्हाळ्याला गेलो तर अंधारबावेत, म्हणजे गडावरच्या जुन्या विहिरीत, उतरताना तिनं डोळे मिटले, भिंतीला हात लावला आणि म्हणाली, आई, कन्ना असंच करत असंल ना? मला काय बोलावं सुचंना.

फक्त एक, कन्ना शाळेत काय करतो, जेवताना काय करतो हे पण पोरं विचारतात, त्याची तयारी ठेवा. मी तिला ब्रेलचे, म्हणजे बोटांनी वाचायच्या लिपीचे, सहा ठिपके साबुदाणा चिकटवून दाखवले. चार ते सात वर्षांच्या पोरांसाठी नक्की घ्या. आता ती त्या मुलाला नावानं हाक मारून खेळायला बोलवते.